तलवार जपली, खोगीर हरवलं

खंडेनवमीला आमच्या मंगळवेढा तालुक्यातल्या जुन्या घरी देवघरासमोर पाट मांडला जायचा. पाटावर लाल मखमलीतून काढलेली तलवार, पोचे पडलेली ढाल, एक कट्यार आणि त्यांच्या शेजारी आजोबांचा अडकित्ता, विळे, पाभरीचा फण. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. तलवारीला वर्षातून दोनदा तेलाचा हात फिरायचा आणि ते काम आजोबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. गोठ्यातल्या खुंटीवर त्याच घराण्याचं एक खोगीर लटकलेलं होतं. त्याची एक बाजू उंदरांनी पोखरली होती, आतली लोकर आणि चिंध्या बाहेर आल्या होत्या. मी सातवीत असताना गोठा पाडला. खोगीर उकिरड्यावर गेलं, पाय ठेवायच्या लोखंडी रिकिबी भंगारवाल्याने किलोवर घेतल्या. कुणाला वाईट वाटलं नाही. मलाही नाही. तलवार आजही आहे.

आमच्या घरात जे झालं तेच महाराष्ट्राने आपल्या लष्करी इतिहासाचं केलं आहे, असं मला आता वाटतं. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांसाठी साताऱ्यात आली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपये मोजून परत आणली. त्याच वर्षी बारा किल्ले ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. या तिन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद झाला. पण ज्या वस्तूवर बसून हे सगळं राज्य उभं राहिलं ती वस्तू, म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं खोगीर, आणि तिच्या सोबतचा सगळा साज, आपण कुठे ठेवला आहे? किल्ला जिंकायला माणूस ज्या जनावरावरून गेला त्या जनावराच्या अंगावर काय होतं, तोंडात काय होतं, खुराखाली काय होतं, हे सोलापुरातल्या किती शाळकरी मुलांना आपण दाखवू शकतो? एकालाही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वाराचा आणि घोड्याचा साधा साज हा शस्त्रांइतकाच, काही बाबतींत शस्त्रांपेक्षा जास्त, जपण्याजोगा वारसा आहे आणि ते काम सोलापूरने हाती घ्यावं.

शिवजयंतीला आपल्या शहरात मिरवणुकी निघतात. मुलं जीव ओतून तयारी करतात, त्यांच्या भावनेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्यांच्या अंगावर काय असतं ते पाहावं. छातीवर चकाकतं पत्र्याचं चिलखत, डोक्यावर टोप, मनगटाला धातूचे पट्टे, पाठीवर लांब झुळझुळीत कापड. खाली उंच, पांढराशुभ्र, वरातीसाठी शिकवलेला घोडा, त्याच्या अंगावर आरशांची झूल. हा पोशाख मावळ्याचा नाही. नुसता तपशील चुकला असता तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. इथे गोष्टीचा अर्थच उलटा होतो. शत्रू जड होता आणि आपण हलके होतो, म्हणून आपण टिकलो. आपण आपल्या पोरांना शत्रूचा जडपणा चढवून मिरवतो आहोत.

हे हिशोबाने पटवून देता येतं. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाइतकं ओझं घेऊन दिवसभर चालावं, असा अश्वपालनातला ढोबळ नियम आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं तट्टू धरा तीनशे किलोचं. त्याच्या वाट्याला साठ किलो येतात. पंचावन्न किलोचा काटक माणूस बसला की पाच किलो उरतात, आणि त्यातच खोगीर, तलवार, ढाल, भाला, तोबरा, चार मुठी हरभरा आणि पाण्याची सोय बसवायची. म्हणजे मुळातच मर्यादा ओलांडलेली. त्यावर दहा-बारा किलोंची लोखंडी कड्यांची जाळी चढवली तर ते तट्टू पहिल्या मुक्कामाच्या आधीच मान टाकेल. चिलखत आपल्याकडे नव्हतंच असं नाही. अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, सरदारांकडेही ते असे. पण चाळीस-पन्नास कोसांची दौड मारून छापा घालणाऱ्या साध्या बारगिराचं, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वाराचं, बळ अंगावर काय आहे यात नव्हतं, काय नाही यात होतं.

याच जिल्ह्यात या दोन पद्धती समोरासमोर उभ्या राहिल्या. माचणूरजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत होती. आज तिथे सिद्धेश्वराचं देऊळ, घाट आणि किल्ल्याची तटबंदी आहे. नदीवर उभं राहून विचार करावा, की एवढ्या मोठ्या फौजेच्या हत्ती-घोड्यांना रोज वैरण कुठून येत असेल, आणि ती आणणाऱ्या तांड्यांवर झडप घालणारा हलका स्वार काय सामान घेऊन फिरत असेल. आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले घोड्यावरून लढता लढता पडले. पुढे मे महिन्यात सोलापूरचा भुईकोट इंग्रजांच्या ताब्यात गेला. हलक्या घोडदळाचं युग आपल्याच शिवारात संपलं. सोलापूरकराला हा इतिहास शोधायला दुसऱ्याच्या गावी जायची गरज नाही.

आता खोगिराकडे येतो, कारण त्याच्यावर फार मोठा अन्याय झाला आहे, आणि तो आपल्या भाषेनेही केला आहे. निरुपयोगी मजकुराला, जागा भरायला घेतलेल्या माणसांना आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. खरं खोगीर पाहिलं की हा शब्द वापरताना जीभ अडखळावी. घोड्याच्या पाठीचा कणा ओझं सोसत नाही. म्हणून कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन गाद्या येतात, मध्ये पन्हळीसारखी मोकळी जागा राहते, आणि स्वाराचा भार बरगड्यांवरच्या मांसल भागावर उतरतो. या गाद्यांत लोकर, केस, चिंध्या, गवत असं काय काय ठासलेलं असतं. तीच खोगीरभरती. ती कुठे जास्त, कुठे कमी झाली, एका बाजूला सरकली, तर दिवसभराच्या चालीत कातडं सोलवटतं, दुसऱ्या दिवशी जखम, तिसऱ्या दिवशी पू. पाठ फुटलेला घोडा कित्येक आठवडे कामातून जातो. लढाईत मेलेल्या घोड्यांची आपण आठवण काढतो, पण वाईट भरतीने किती घोडे आणि त्यांच्यामुळे किती मोहिमा खचल्या असतील याचा विचार मनात येत नाही. ज्या हातांनी ती भरती नीट ठासली त्यांनी स्वाराइतकंच राज्य राखलं.

बाकीच्या साजाचंही तसंच आहे. खोगीर पोटाखालून आवळणारा तो तंग. उतारावर खोगीर मानेकडे घसरू नये म्हणून शेपटीखालून जाणारी दुमची; सह्याद्रीच्या घाटात उतरणाऱ्या स्वाराचा जीव तलवारीपेक्षा त्या वीतभर पट्ट्यावर होता. रिकीब, म्हणजे जिच्यात पाय रोवून स्वार खोगिरावर उठून भाला फेकू शकतो, वार करू शकतो. ती नसेल तर आपल्याच वाराच्या झटक्याने स्वाराचा तोल जाण्याचा धोका वाढतो. खोगिराखाली घोंगडीची घडी, आणि तीच रात्री अंगावर. तोंडाला बांधायचा तोबरा, त्यातली हरभऱ्याची चंदी. मुक्कामाला मानेकडची दोरी ती अगाडी आणि मागच्या पायांची ती पिछाडी. या दोन दोऱ्या नीट समजल्या की छापा कसा यशस्वी होतो तेही समजतं. रात्री घोडे चहूकडून खुंटांना बांधलेले, पाठीवरून खोगीर उतरवलेलं. हल्ला आला की अगाडी सोडा, पिछाडी सोडा, खोगीर चढवा, तंग आवळा, लगाम घाला. तेवढ्या वेळात छावणी कापली जाते. पुस्तकात ‘अचानक हल्ला केला’ असे तीन शब्द असतात. त्या तीन शब्दांतला खरा काळ दोरीच्या गाठींत मोजलेला आहे.

राज्यकर्त्यांना हे कळत होतं. शिवरायांची बखर लिहिणारा सभासद सांगतो की त्यांच्या पागेत, म्हणजे सरकारी घोडदळात, पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाणी आणि नाल, या दोन गोष्टींची नेमणूक थेट लष्कराच्या रचनेतच होती. पुढे मोहिमेवर निघण्याआधी शिलेदाराला जी आगाऊ रक्कम मिळे तिचं नावच नालबंदी पडलं. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजी गेली, म्हणून तो घोडा धोक्यात घालताना दहादा विचार करणार. पागा आणि शिलेदार यांतला हा फरक शाळेत पाठ करून घेतात, पण तो कशामुळे पडतो ते घोड्याची किंमत कळल्याशिवाय कळत नाही. आणि चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीतल्या जुमलेदारांना महाराजांनी लिहिलेलं पत्र तर प्रत्येक मंडळाने वाचावं असं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनमानी वापराल तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, मग तुम्ही कुणब्यांना त्रास द्यायला लागाल, असं त्यात सांगितलं आहे. पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत इशारा आहे. ज्या राजाने उंदराने ओढलेल्या वातीचा विचार केला, त्याच्या नावाने निघणाऱ्या मिरवणुकीत घोड्याच्या कानाशी ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या असतात, याचं मला फार दुःख होतं.

लगामाबद्दल थोडं कठोर बोलावंच लागेल. भाड्याच्या अनेक घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम असतो. घोडा मान वाकवून थुईथुई नाचतो तो आनंदाने नाही, जीभ आणि गाल टोचतात म्हणून. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्राने १९६५ साली केलेल्या नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे. कुणी म्हणेल, जुन्या काळीही काटेरी लगाम होते. होते. जुन्या काळच्या सगळ्या गोष्टी संग्रहालयात ठेवायच्या असतात, सगळ्या पुन्हा वापरायच्या नसतात.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त जवळची वाटते ती साज करणाऱ्यांची बाजू. तलवारीला धन्याचं नाव असतं, कधी पात्यावर कोरलेलंही असतं. रघुजींच्या तलवारीवर ते आहे. पण ती तलवार फिरंग जातीची, तिचं पातं युरोपात घडलेलं. आपल्याकडच्या कितीतरी मानाच्या तलवारींची पाती अशीच समुद्रापलीकडून आलेली होती आणि त्यात कमीपणा काहीच नाही. खोगीर मात्र इथल्याच मातीतलं. कातडं कमावणारा ढोर, ते शिवणारा चर्मकार, ज्याचं आडनावच जीन म्हणजे खोगीर करण्यावरून पडलं तो जीनगर, अंबाडीचा दोर वळणारा मातंग, लोकर देणारा आणि घोंगडं विणणारा धनगर, सुती पट्टा आणि झूल विणणारा कोष्टी-साळी, रिकीब घडवणारा लोहार, पात्याला धार लावणारा शिकलगार, नालबंद, आणि रात्रभर घोड्यापाशी जागणारा मोतद्दार. एका घोड्याच्या अंगावर अर्धं गाव स्वार झालेलं असे. आपण तलवार ठेवली आणि खोगीर फेकलं, तेव्हा या सगळ्यांचा स्वराज्यातला वाटा उकिरड्यावर टाकला. यांची मुलं संग्रहालयात जातात तेव्हा काचेपलीकडे त्यांना दुसऱ्यांचे पूर्वज दिसतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या हातचं काम तिथे नसतं. मानाने जोडलेला समाज हवा असेल तर हे भरून काढायला नको का?

यावर हरकती येतात, आणि त्या मी ऐकल्या आहेत. एका संग्रहालयातल्या अधिकाऱ्याशी बोललो तेव्हा त्यांनी सांगितलं की कातडं, लोकर, सूत टिकत नाही, शिवाय लोक बघायला येतात तलवारी. पहिली गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच घाई आहे. दुसरी मला पटत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात लोक दिवे, अडकित्ते आणि अंग घासायच्या वज्र्या तासन्‌तास पाहतात. वस्तू साधी आहे म्हणून लोक पाठ फिरवत नाहीत, वस्तूची गोष्ट सांगितली नाही तर फिरवतात.

पुरावा नाही, मग नवं खोगीर करायचं ते अंदाजानेच ना, असंही विचारतात. पुरावा आहे, तो शोधायची जागा बदलायला हवी. आपल्या देवघरातले टाक पाहा. बाळ्याच्या खंडोबाला जाणाऱ्या घराघरांत खंडोबाचा टाक असतो: घोड्यावर देव, सोबत म्हाळसा, पायाशी कुत्रा. ठसा करणाऱ्या कारागिराने देवाला तोच साज चढवला जो त्याने रोज पाहिला. जुना टाक हातात घेऊन भिंगाखाली धरला तर तंग, रिकीब, खोगिराचा पुढचा उंचवटा ओळखता येतो. गावाबाहेरच्या वीरगळींवर, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांवर, स्वार आहेत. त्यांच्या पायात रिकीब आहे का, घोड्याच्या छातीवर पट्टा आहे का, हे तालुक्यातल्या कॉलेजच्या मुलांनी वही घेऊन नोंदवावं. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी रुमाल, म्हणजे मोडी लिपीतल्या कागदांचे गठ्ठे, आहेत. मोडी शिकलेली मुलं आता आपल्याकडेही तयार होताहेत. आणि भाषा तर आहेच. लगाम, जीन, रिकीब, तंग, नालबंद हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीच झाले. साज कुठून आला आणि इथे कसा रुजला याची ती नोंदच आहे. घोड्याच्या चिलखताला आपण पाखर म्हणतो, आणि आईच्या मायेलाही पाखरच. कुठल्या शस्त्राचा शब्द इतका मऊ झाला आहे?

वस्तू गेल्या तरी काही हात अजून शिल्लक आहेत. टांगे होते तोवर सोलापुरात साजाचं काम चालत होतं. रिक्षा आल्या आणि ते आटलं. तरी दिवाळीच्या सुमाराला अकलूजच्या घोडेबाजारात गेलं की खोगीर, लगाम, गोंडे, घुंगरांची दुकानं लागलेली दिसतात. आषाढीला पालख्या माळशिरस तालुक्यातून येतात, रिंगणात माउलींचा अश्व धावतो. त्या अश्वाच्या पाठीवर स्वार नसतो, तरी खोगीर असतं आणि त्याला लोक हात लावून नमस्कार करतात. खोगिराला अशी पूज्यता मिळालेली जागा माझ्या माहितीत दुसरी नाही. भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीही अलीकडेच झाली आहे. धनगरांच्या बिऱ्हाडामागे चालणाऱ्या या तट्टांच्या पाठीवर आजही दोऱ्या-घोंगड्यांची जी बांधणी असते, ती नुसती पाहून आली तरी पुष्कळ शिकायला मिळेल.

म्हणून मागणी मोठी नाही. सोलापूर हे देशभर गणवेश पुरवणारं शहर आहे, चादरीचं शहर आहे. मापाप्रमाणे शेकडो अंगरखे शिवणं हे इथल्या कारखान्यांचं रोजचं काम. अभ्यासकांनी एकदा बारगिराचा साधा सुती, गादीसारखा टाचलेला अंगरखा, सुरवार, कमरबंद आणि पागोटं यांचा नमुना पक्का करून दिला, तर पत्र्याच्या चिलखतांच्या भाड्यात मंडळांना तो पोशाख कायमचा मिळेल. महापालिका, जिल्हा परिषद आणि विद्यापीठाने मिळून एक घोडा, एक स्वार असा एक पूर्ण संच इथल्याच कारागिरांकडून करून घ्यावा. त्यात नालेचे खिळेसुद्धा हवेत, आणि प्रत्येक वस्तूखाली ती करणाऱ्याचं नाव हवं. गावोगावच्या वाड्यांत, गोठ्यांत, माळ्यांवर जे उरलं आहे त्याचे फोटो, मापं आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची नावं नोंदवली जावीत. वस्तू मालकाकडेच राहू द्यावी. लोकांना भीती असते की नोंद झाली की जप्ती येते, त्या भीतीनेच बऱ्याच गोष्टी भंगारात जातात.

गेल्या दिवाळीत अकलूजच्या बाजारात एका कारागिराच्या दुकानाशी बराच वेळ बसलो. वय सत्तरीच्या पुढे, हाताला आरीचे घट्टे. त्याच्या पुढ्यात नायलॉनचे पट्टे आणि फोमच्या गाद्या होत्या, गिऱ्हाईक तेच मागतं म्हणाला. मी त्याला आमच्या गोठ्यातल्या खोगिराचं आठवेल तसं वर्णन केलं, वहीत चित्र काढून दाखवलं, आणि विचारलं, असं लोकरीच्या भरतीचं जुन्या धाटणीचं खोगीर आता शिवता येईल का. त्याने वही हातात घेतली, चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिली.

“कागदावरनं खोगीर होत न्हाई बाळा,” तो म्हणाला. “घोड्याची पाठ दावा, मग सांगतो.”